बुडबुडा आला नाही

दिनांक चौदा, रविवार

बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे. तुम्ही ठीक नाही, हे ताईने कळवलंय. म्हणजे ख्यालीखुशाली संपली. आता मागच्या वेळी तुम्ही जिथे फोन आपटलात, तिथून पुढे.

"पोटाला कात्री लावू देणार नाही म्हणजे नाही." हे म्हणालात. मग म्हणालात, "पंक्चर काढलेल्या ट्यूबचा भरवसा मी गिऱ्हाइकाला देत नाही, तो डॉक्टर मला माझ्या आतड्याचा काय देणार?" आणि कट. फोन कट करता येतो बाबा, पत्र कट करता येत नाही. फाडता येतं. पण ते ताईच्या हातात आहे आणि तिच्या हातातून काही हिसकावणं तुम्हाला आजवर जमलेलं नाही.

ताई, हे दुकानात वाचू नकोस. कंप्रेसर चालू असला की त्यांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ते स्वतःच्या मनाने भरतात. घरी नेऊन, दार लावून, मोठ्याने वाच. आणि गाळायचं नाही. सातवीचा माझा निकाल वाचून दाखवताना तू गणित गाळलं होतंस. त्याचे उपकार आहेत, पण आज नको.

तर बाबा. तुमचं म्हणणं, मी पळालो. "याच्या बुडाखाली चाकं आहेत, भिंगरी आहे भिंगरी, एका जागी बसायचा नाही." सगळ्या गल्लीला तुम्ही हे ऐकवलंत. मी पळालो नाही. मी तुम्हाला म्हणालो होतो की नव्या गाड्यांना ट्यूबच नसते, मशीन घेऊ, नाहीतर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. तुम्ही हातातली पकड टेबलावर टाकलीत आणि म्हणालात, "बेचाळीस हजाराला मशीन आहे. बेचाळीस हजार आण, मग त्याचं नाव काढ. तोवर या दुकानात हातानेच काम होईल." म्हणून निघालो. त्याला तुम्ही पळणं म्हणता. माझ्या भाषेत ते कामाला जाणं आहे.

गिऱ्हाईक समोर गेलं की नाही ते तुम्ही सांगत नाही. ताईही सांगत नाही. म्हणजे गेलं.

दुसरी तक्रार. तुम्हाला तपासायला नेलं, आत नळी घालून बघितलं, गाठ निघाली, तेव्हा मी आलो नाही. त्यावर तुम्ही काय बोललात ते भावजींनी बरंच धुऊन, इस्त्री करून सांगितलं, तरी "परका" हा शब्द तेवढा निघाला नाही. रजा नव्हती असं मी कळवलं होतं. रजा होती. ते पुढे येतंच.

आधी तुमच्या त्या आकड्याचं बघू. तिथल्या डॉक्टरांनी हिशोब मांडून सांगितलं की या वयाला, या वजनाला, इतक्या विड्यांना आणि इतक्या कमी रक्ताला, आतडं कापून जोडलं तर शंभरात वीस जणांचा सांधा गळू शकतो. तुम्ही वीस ऐकलंत आणि उठून आलात. भावजी म्हणाले, चपलासुद्धा उलट्या घातल्या होत्या. बाकीच्या ऐंशींनी तुमचं काय वाकडं केलं होतं?

आकड्यांचं मला काय कळतं, असं म्हणाल. गणितात मला किती होते ते तर आता कळलंच असेल. पण हा एक आकडा मला कळतो. कसा, ते सांगतो.

आमच्या डेपोत टायर सेक्शनला एक जण आहे. डोकं तुमच्यासारखंच, म्हणजे उलटं. संडासला रक्त पडायचं तर म्हणायचा, मूळव्याध आहे, उष्णता आहे, दिवसभर उकिडवं बसून होतं. कुणी सांगितलेली पावडर खायचा. वजन उतरलं तर पट्ट्याला नवं भोक पाडलं. शेवटी एक दिवस ट्रकचं चाक उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि चाकासकट खाली बसला. फोरमनने गाडीत घालून इथल्या मोठ्या दवाखान्यात नेला. गाठ. आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला. वय काय, तर माझ्याएवढंच.

त्या दवाखान्यात संशोधन चालतं. म्हणजे असं की ज्यांचं आतडं कापून जोडायचंय, त्यांच्यात कुणाचा सांधा टिकेल, कुणाचा गळेल, कुणाच्या छातीत कफ भरेल, हे आधीच ओळखता येतं का, आणि ओळखलं तर टाळता येतं का. त्यासाठी एक बाई आहे. हातात कायम ती पाटीसारखी स्क्रीन. सगळे तिला आकडेवाली म्हणतात, तिच्या तोंडावरही. ती येऊन विचारते, विडी किती, जेवण किती, जिना चढता येतो का, कितव्या मजल्यावर धाप लागते. ते सगळं त्या पाटीत घालते आणि एक आकडा निघतो.

आपला टायरवाला तिला म्हणाला, "मी काय उंदीर आहे?"

ती म्हणाली, "उंदराला आम्ही विचारत नाही. तुला विचारतेय. नको असेल तर नको म्हण, ऑपरेशन तरीही होईल."

"आकडा वाईट आला तर?"

"तर तो बदलायला आपल्याला चार आठवडे आहेत. आकडा म्हणजे कुंडली नाही रे. तू आज आहेस तसा टेबलावर गेलास तर काय होईल, एवढंच तो सांगतो."

हे त्याला पटलं, कारण टायरवाल्याला ते पटणारच. गुळगुळीत टायर बघून आपण सांगतो ना, "साहेब, असाच पळवलात तर घाटात फुटेल." तो शाप नसतो. साहेबाने टायर बदलला की आपलं भाकीत खोटं ठरतं आणि आपल्याला वाईट वाटत नाही.

मग चार आठवडे त्याला पळवलं. सकाळ-संध्याकाळ चालायचं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या जोरात. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. अंडी, दूध, डाळ, पोटभर. सिगरेट बंद. तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं मिळालं, त्यात श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या. डेपोत त्याची काय थट्टा झाली असेल! फोरमन म्हणायचा, "बाळाचं खेळणं तुटलं तर सांगा, कंप्रेसर लावून देतो."

या सगळ्याने नक्की फरक पडतोच का, तर आकडेवाली म्हणते, अजून मोजतोय. काही ठिकाणी पडलाय, काही ठिकाणी नाही. ती खोटं गोड बोलत नाही. मला, म्हणजे त्याला, ते आवडलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठे डॉक्टर आले. त्याने विचारलं, "सांधा गळत नाही हे तुम्हाला आत कसं कळतं?"

डॉक्टर म्हणाले, "पोटात पाणी ओततो. सांधा पाण्याखाली बुडवतो. खालून हवा भरतो. बुडबुडा आला की गळतंय."

बाबा, तो हसत सुटला. इतका की नर्स धावत आली. डॉक्टरांना वाटलं, घाबरून डोकं फिरलं. त्याने सांगितलं की आमच्या घरी घमेल्यात ट्यूब बुडवून हेच चालतं. मग डॉक्टरही हसले. म्हणाले, "फरक एकच. तुमचं चुकलं तर गिऱ्हाईक भांडायला परत येतं."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल? "बुडबुडा आला का?" नर्सला काही कळेना. तिने डॉक्टरांना विचारून येऊन सांगितलं, "नाही म्हणे, आला नाही."

इथवर सगळं छान. आता त्याने गाढवपणा केला तो ऐका. तिथे नियम असा की त्याच दिवशी उठून बसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून चालायचं. नळ्यांसकट, सलाइनची काठी ढकलत. चाललं की आतडं जागं होतं, छाती मोकळी राहते. तोंडात च्युइंगगम देतात, चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, ते हलायला लागतं. रोज सकाळी डॉक्टर सगळ्या फौजेसकट येऊन एकच प्रश्न विचारतात, "वारा सरला का?" आपल्याकडे ज्याची लाज वाटते, त्याची तिथे सगळे आतुरतेने वाट बघतात. एखाद्याचा सरला की शेजारच्या खाटेवरून "वा वा" होते.

पण हा उठेना. नर्स आली, नाही म्हणाला. दुसरी आली, डोळे मिटून घेतले. आकडेवाली आली, तिला म्हणाला, "ताजा सांधा आहे, हलवणार नाही." लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहिला. खोकला आला तरी दाबायचा. का, तर त्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं होतं. पॅच लावला की वजनाखाली ठेव आणि हात लावू नको. "सोल्यूशनला वेळ दे, नाहीतर ट्यूब तुला वेळ देणार नाही." हे म्हणत एकदा कानफटात बसली होती, सोल्यूशन सुकायच्या आत हवा भरली म्हणून.

ताई, आता तू थांबली असशील. थांबू नकोस. वाच.

हो बाबा. मीच. टायर सेक्शनमधला दुसरा कुणी नाही. तुम्ही तिकडे नळी घालून घेत होतात, तेव्हा मी इकडे पोटात भोकं घेऊन पडलो होतो. म्हणून आलो नाही. फोटोत शर्ट बाहेर का, वजन का उतरलंय, ताईने विचारलं तेव्हा म्हणालो, इकडे अशीच फॅशन आहे. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून आला असतात आणि खाटेजवळ बसून मला सांगितलं असतंत, हलू नको. त्याची माफी मी मागणार नाही. तुम्हीही दोन वर्षं रक्त पडताना कुणाला सांगितलं नव्हतंत. फिट्टमफाट.

तर तुमचा नियम मी पाळला आणि छातीत कफ भरून ताप चढला. सगळे धावले. सांधा गळला, असंच वाटलं सगळ्यांना. मलाही. स्कॅनच्या त्या बोगद्यात जाताना मी तुमच्यावर इतका चिडलो होतो बाबा, इतका, की मरायचं विसरलो. मनात म्हटलं, हा म्हातारा मला इथे येऊनही मारतोय. स्कॅनमध्ये सांधा कोरडा निघाला. नुसता कफ. मोठे डॉक्टर खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "हे बघ, तुझा पॅच रबराचा आहे, त्याला नुसतं चिकटायचंय. माझा जिवंत आहे. त्याला रक्त लागतं, वारा लागतो, हालचाल लागते. वजनाखाली ठेवला तर मरतो."

उठलो मग. पहिल्या खेपेला दारापर्यंत. दारापाशी रडलो, ते तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण खोडत बसत नाही. उठल्यापासून तिसऱ्या दिवशी वारा सरला. वॉर्डात "वा वा" झाली.

आता तुमचं दुसरं वाक्य. ताईने पत्रात लिहिलं होतं, तुम्हाला बोललेलं आठवत नसेल तर आठवण करून देतो. "पोटावर पिशवी बांधून दुकानात बसू? लोक नाकाला रुमाल लावतील. त्यापेक्षा मेलेलं बरं."

पिशवी माझ्या पोटावर आहे. उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली. आत्ता, हे लिहिताना. सांधा खाली होता म्हणून त्याला विश्रांती मिळावी यासाठी वरचं आतडं काही महिने बाहेर काढून ठेवलंय, मळ तिथूनच पिशवीत येतो. पुढे आत घालून बंद करतील. सगळ्यांचं आत जातं असं नाही, काहींची कायम राहते. माझं जाईल म्हणतात. नाही गेलं तरी मी मरणार नाहीये. शर्ट बाहेर काढून डेपोत जातो. जड चाकं अजून उचलू देत नाहीत, म्हणून व्हॉल्व्ह बघतो आणि बाकीच्यांना शिव्या घालतो. कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पिशवी एकदा सुटली, भर जेवणाच्या सुट्टीत. फोरमनने स्वतःची चादर दिली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझा तो व्हॉल्व्ह नीट बसवायला शीक, नाहीतर मी बसवतो." कुणी नाकाला रुमाल लावला नाही. लावला असता तर मी तोच रुमाल त्याच्या तोंडात कोंबला असता.

आता म्हणा बाबा. माझ्याकडे बघून म्हणा. मेलेलं बरं?

ताई, इथे जरा थांब. त्यांना पाणी दे. मग पुढे.

तुमची भीती गळण्याची आहे, हे मला माहीत आहे. म्हणून ड्रायव्हरकाकांचं सांगतो. ते माझ्या शेजारच्या खाटेवर होते. तुमच्याहून मोठे, तुमच्याहून जाड, आयुष्यभर स्टिअरिंगवर बसलेले, आणि तोंड म्हणजे उघडं गटार. त्यांचा आकडा तुमच्याहून वाईट होता. ऑपरेशन झालं, काका चालले, गम चघळली, नर्सला लग्नाचं विचारलं. सगळं झकास. तिसऱ्या दिवशी आकडेवालीने रक्त नेलं. ती मुद्दाम तिसऱ्या दिवशीचं रक्त बघते, त्यात सूज दाखवणारा एक आकडा असतो, तो उतरायला हवा. काकांचा चढला होता. ताप नाही, दुखणं नाही, माणूस विनोद करतोय. काका म्हणाले, "बाई, मी ठणठणीत आहे, तुझी पाटी बिघडली." तिने ऐकलं नाही. ज्युनिअर डॉक्टर म्हणाला, उद्या बघू. तिने त्याचंही ऐकलं नाही, थेट मोठ्यांना बोलावलं. स्कॅन झाला. सांधा गळत होता.

ऐकलंत? गळला. तुम्हाला ज्याची भीती आहे, तेच झालं. त्याच संध्याकाळी काकांना परत आत नेलं, धुतलं, सांधा सोडवला, पिशवी लावली. एका दिवसाचाही उशीर झाला असता तर विष अंगभर पसरलं असतं, असं मोठे डॉक्टर आमच्यासमोर म्हणाले. काका महिनाभर राहिले. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला, नातवाला शिव्या शिकवतायत.

दुकानात तुम्ही काय म्हणता? पंक्चर होण्याने कुणी मरत नाही, भरधाव गाडीत ते न कळण्याने मरतो. तुमचंच वाक्य आहे. मग तेच पोटाला लावा की.

खोटं बोलणार नाही, समोरच्या रांगेतली एक खाट रिकामी झाली. तो माणूस घरी गेला नाही. त्या दिवशी आकडेवाली आमच्या वॉर्डात आली नाही, दुसऱ्या दिवशी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तुमचं चांगलंच होईल असं मी तिच्याकडून वदवून घ्यायला गेलो होतो. भावजींनी पाठवलेले तुमचे कागद दाखवले. ती म्हणाली, "मी तसं सांगू शकत नाही. पण गाठ तशीच ठेवली तर आतडं बंद होणार, हे सांगायला मला पाटी लागत नाही." तेव्हा वचन कुणाचंच नाही. हट्ट माझा आहे.

आता काय करायचं ते. तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख अजून तुमच्या नावावर धरून ठेवलीय, भावजींनी विचारून घेतलंय. विडी आजपासून बंद. सकाळी दुकान उघडायच्या आधी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचं आणि यायचं, संध्याकाळी पुन्हा. ताई बरोबर जाईल. भांडत चाललात तरी चालेल, उलट दम वाढतो. ताई, त्या डॉक्टरांना विचार की तिसऱ्या दिवशी रक्त बघणार ना. रागावले तर रागावू देत. आणि ऑपरेशननंतर जर यांनी "ताजा सांधा आहे" म्हणून पडून राहायचं नाटक केलं, तर मला फोन लाव. मी स्पीकरवर ओरडेन. त्या दिवशी कंप्रेसर नसेल.

ताई, एक तुझं. गाळून वाचलंस तर बघ. मला डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला होतं का. मी म्हटलं, नाही. मग तुझं पत्र आलं. आता ते म्हणतात, बापाला आणि मुलाला, तेही मुलाला या वयात, तर बहिणीनेही नळी घालून घ्यायलाच हवी. दुखत नसलं तरी. तू हसून टाळशील, मला माहीत आहे. बाबा, तिला घेऊन तुम्ही जायचं. तुम्ही. तिच्यावर तुमचं चालत नाही म्हणता ना, एकदा चालवून दाखवा.

मी येतोय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचेन, पिशवीसकट. दुकान त्या दिवसांत मी उघडेन, हातानेच काम करेन, सोल्यूशन सुकू देईन. गल्लीतल्यांना सांगा, भिंगरी येतेय.

पैसे भावजींच्या खात्यात टाकले आहेत. तुमचं ऑपरेशन आणि ताईची तपासणी, यालाच लावायचे. यातून मशीन आणलंत तर मी ते उचलून रस्त्यावर टाकेन, जड उचलायची मनाई असली तरी. कधीचे जमवतोय ते विचारू नका. किती आणायचे ते तुम्हीच सांगितलं होतंत, आता आणलेत, तेव्हा आता मला नाव काढायचा हक्क आहे. मी मशीनचं काढत नाही. तुमचं काढतोय.

तुमचा, पाण्यात बुडवून तपासलेला,
भिंगरी

सोबत: बेचाळीस हजार भरल्याची पावती.